पाचवीला नवीन हायस्कूल, मुलाचं डिस्लेक्सियाचं आधी सांगू की लपवू?

सत्तरीची_आई

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय इथे, इतके दिवस नुसती वाचत होते, लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगा साडेनऊ वर्षांचा, चौथीत, गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या सरकारी मराठी प्रायमरीत. छोटी शाळा, चारही वर्ग मिळून सतरा मुलं आणि दोन टीचर. घरी आम्ही कोंकणी बोलतो, शाळेत मराठी, आणि आता पाचवीला हायस्कूलात गेला की सगळं इंग्लिश.

तर झालं काय, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्याकडे घुमट आरती जोरात असते, ह्याचा हात चांगला बसलाय घुमटावर (आमच्याकडचं मातीचं तालवाद्य) आणि आरत्या सगळ्या पाठ. माझ्या भावाने गंमत म्हणून आरतीचं पुस्तक हातात दिलं, वाच म्हणाला. ह्याने गणपतीची आरती धडाधड म्हणून दाखवली, बोट बरोबर ओळींवरून फिरतंय, आणि उघडलेलं पान होतं देवीच्या आरतीचं. सगळे हसले, मी पण हसले. रात्री भांडी घासताना डोक्यात आलं की अरे, हा घरी पण असंच करतो. मी रोज संध्याकाळी धडा वाचून दाखवते आणि मग हा तो "वाचतो". म्हणजे चार वर्षं हा वाचत नव्हताच, पाठ म्हणत होता. दुसऱ्या दिवशी न शिकवलेला धडा काढून दिला, तर दोन ओळींत घामाघूम.

मग टीचरशी बोलले. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "तोंडान सगळें सांगता गो तो, बरोवंक जायना" (तोंडी सगळं सांगतो, लिहायला जमत नाही). त्यांच्या लक्षात आलेलं पण त्यांना वाटलं लहान आहे, येईल हळूहळू. मग तपासण्या, दोन बस बदलून जायचं, तीन वेळा गेलो. आता रिपोर्ट हातात आहे, बारा पानांचा, सगळा इंग्लिशमध्ये. थोडक्यात डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला-लिहायलाच जड जातं, बुद्धी नॉर्मल, तोंडी प्रश्नांत तर सरासरीच्या वर.

आता प्रॉब्लेम असा की हायस्कूलात अ‍ॅडमिशन घ्यायचंय. जवळचं अनुदानित हायस्कूल चांगलं आहे, बालरथ (शाळेची बस) दारात येतो. नवरा म्हणतो आधी अ‍ॅडमिशन होऊ दे, मग बघू. सासूबाई म्हणतात कोणाला काहीच सांगू नको, गावभर होईल आणि कायमचा शिक्का बसेल. आमच्या नात्यातल्या एका मुलीला एका शाळेने तोंडावर सांगितलं होतं की आमच्याकडे "अशा" मुलांसाठी टीचर नाहीत, स्पेशल शाळेत न्या. तेच डोक्यात बसलंय माझ्या. पण न सांगता पाठवलं आणि पहिल्याच आठवड्यात चाळीस मुलांसमोर इंग्लिश धडा वाचायला उभं केलं तर?

सांगू की नको? सांगायचं तर कोणाला आणि कधी? आणि ते अपंगत्वाचं सर्टिफिकेट म्हणतात ते आत्ताच काढायचं की दहावीला?

म्हापशेकर_बाबा

ताई, नवऱ्याचं ऐका. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, मी खरं सांगत फिरलो. तीन शाळा. पहिल्या ठिकाणी फोनवर "हो हो या की" आणि फाइल बघितल्यावर सीट फुल. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसणारी वेगळी टीचर, तुमच्या खर्चाने आणा, तिसऱ्या ठिकाणी बाकीच्या पालकांचं नाव पुढे केलं. चौथीकडे घेतलं आणि तिथे तो मजेत आहे, ती गोष्ट वेगळी. पण तोपर्यंत माझी बायको रोज रडायची. तुमच्या मुलाचं बाहेरून दिसत नाही, मग आधी पावती हातात घ्या, नंतर सांगा. प्रामाणिकपणाची परीक्षा आपणच का द्यायची.

फोंड्याची_टीचर

मी अनुदानित हायस्कूलात पाचवी-सहावीला शिकवते, तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते.

म्हापशेकरांचा राग समजतो, आणि पावती आधी घ्या ह्याच्याशी माझं भांडण नाही, कायद्याने अ‍ॅडमिशनच्या वेळी मुलाची चाळणी घ्यायलाच बंदी आहे, २००९ च्या आरटीईमध्येच (शिक्षण हक्क कायद्यात) आहे ते, त्यामुळे फॉर्म भरताना रिपोर्ट जोडला नाही म्हणून तुम्ही काही लपवलं असं होत नाही. पण "नंतर" म्हणजे पहिली चाचणी झाल्यावर नव्हे हो, शाळा सुरू व्हायच्या आधी. कारण सांगते. जूनमध्ये माझ्यासमोर पाच-सहा वेगवेगळ्या प्रायमरीतून आलेली चाळीस मुलं बसतात, काही मराठीतून आलेली, काही कोंकणीतून, काही इंग्लिश मीडियममधून. पहिले दोन महिने निम्म्या वर्गाला इंग्लिश वाचता येत नाही. त्या गर्दीत तुमचा मुलगा मला दिसणारच नाही, मला वाटणार हा पण मराठीतून आलाय, येईल ओळीवर. ऑगस्ट संपेपर्यंत बाकीचे पुढे जातात, तो तिथेच, आणि तोवर त्याने वर्गात गप्प बसायचं किंवा मग मस्करी करून वाचन टाळायचं तंत्र बसवलेलं असतं. आणि मस्करी करणाऱ्याला आम्ही काय करतो, बाहेर उभं करतो. त्याला तेच हवं असतं!

दुसरं. बारा पानांचा रिपोर्ट कोणी वाचत नाही. मी वाचत नाही, हे कबूल करते, त्यातलं अर्धं आम्हाला कळत नाही आणि स्टाफरूममध्ये दहा मिनिटं मिळतात. रिपोर्टची झेरॉक्स हेडमास्तरांना द्या, ती फाइलला लागेल. क्लास टीचरला एक पान द्या, साध्या भाषेत, मराठीत चालेल. त्यात काय नाही जमत हे तीन ओळींत, आणि काय केलं तर जमतं हे बाकी पानभर. हे दुसरं महत्त्वाचं, कारण "डिस्लेक्सिया आहे" एवढंच सांगितलं की टीचर घाबरतो, त्याला वाटतं मला स्पेशल कोर्स नाही, मी काय करणार. पण "अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका, आदल्या दिवशी परिच्छेद सांगा, तो घरून तयार करून येईल" हे कोणालाही जमतं. ह्याला एक रुपया लागत नाही की कुठलं सर्टिफिकेट लागत नाही. फळ्यावरचं सगळं उतरवायला लावण्यापेक्षा शेजारच्याच्या वहीचा फोटो. इतिहासाच्या पेपरात शुद्धलेखनाचे मार्क कापू नयेत. उत्तर येत असेल तर तोंडी घ्यावं. हे सगळं मी माझ्या अधिकारात वर्गात करू शकते. कागद लागतो तो बोर्डाच्या परीक्षेला. लोक उलटं करतात, कागद येईपर्यंत वर्गात पण काही मागत नाहीत, आणि दोन वर्षं तशीच जातात.

आणि एक, पीटीच्या तासाला किंवा मधल्या सुट्टीत बसवून राहिलेलं लिहून घेऊ नका हे त्या पानावर ठळक लिहा. मी स्वतः करत होते हे. घुमट वाजवणाऱ्या मुलाचा म्युझिकचा तास काढून त्याला शुद्धलेखनाला बसवणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

मडगावकर_६२

आमच्या वेळेला असलं काही नव्हतं. मास्तर दोन छड्या द्यायचे आणि सगळी वाचायला शिकली. आता प्रत्येक मुलाला काहीतरी नाव दिलेलंच. मोबाइल काढून घ्या आधी.

डिचोलीचा_मास्तर

मडगावकर साहेब, मी त्या छड्या देणाऱ्यांपैकी एक. चौतीस वर्षं प्रायमरीला होतो, रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली. तेव्हा सगळी वाचायला शिकली नाहीत. जी शिकली नाहीत ती चौथी-पाचवीत शाळा सोडून गेली, म्हणून तुम्हाला आठवत नाहीत. मला आठवतात. एक पोरगा होता, तोंडी हिशेबात माझ्यापुढे, नारळांचा भाव कसाही फिरवून विचारा, उत्तर तयार. पाटीवर मात्र बेचाळीस सांगितलं की चोवीस लिहायचा. मला वाटायचं मुद्दाम करतो. मारला त्याला. कितीतरी उशिरा एका ट्रेनिंगात बसलो असताना डोक्यात प्रकाश पडला की बेचाळीसमध्ये आपण "बे" आधी म्हणतो आणि "चाळीस" नंतर, तो बिचारा ऐकलं त्याच क्रमाने लिहीत होता! एकोणचाळीस म्हटलं की चाळीस ऐकू येतं म्हणून ४९. चूक त्याची नव्हती असं नाही म्हणत मी, पण चुकीला कारण होतं आणि ते मी शोधलं नाही. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचन दिलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, टिंगल झाली, मला मात्र तो पोरगा आठवला.

बाय, तुला सांगतो, आपली देवनागरी अशा मुलांना सोपी पण आहे आणि अवघड पण. सोपी अशी की क चा उच्चार क च, इंग्लिशसारखं एका अक्षराचे चार आवाज नाहीत. अवघड अशी की लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम सगळीकडे जुळत नाही. "कि" लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि बोलताना ती नंतर येते. रफाराचं तर विचारूच नको. सर्प मधला र बोलताना प च्या आधी, आणि लिहायचा प च्या डोक्यावर, म्हणून मुलं सप्र लिहितात. त्यात घ आणि ध, भ आणि म, ख दिसतो र आणि व सारखा. ह्या सगळ्या मुलांच्या चुका एकाच जातीच्या असतात, वही नीट बघितली तर महिन्याभरात ध्यानात येतं. मुलाच्या जुन्या वह्या टाकू नकोस. तारखेसकट ठेव, त्या बारा पानांपेक्षा त्या वह्या जास्त बोलतात.

घरी एवढंच कर. एका वेळी एकच जोडी, घ-ध. रवा पसरलेल्या ताटात किंवा अंगणातल्या वाळूत बोटाने मोठं काढायचं आणि काढताना मोठ्याने म्हणायचं. दहा मिनिटं. अकरावं मिनिट नको. आणि वाचताना ओळीखाली पट्टी धरायची, म्हणजे पुढच्या ओळी डोळ्यांत येत नाहीत.

इंग्लिशची भीती वाटते तुला, वाटणारच, स्पेलिंग त्याला छळणार. पण आकड्यांना कदाचित बरं पडेल बघ, फॉर्टी टू मध्ये चार आधीच येतो.

वेर्णा_आयटीआय

मडगावकर काका, माझ्याकडे मोबाइल नव्हता तरी मला डिस्लेक्सिया होता 😀

ताई मी सत्तावीस वर्षांचा, इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, आता कंपनीत मेंटेनन्सला आहे. वाचायला मला अजून वेळ लागतो, हे पण मी बोलून टाइप करतोय म्हणून चुका असतील. मला आठवीपर्यंत कोणी काही सांगितलं नाही, मी आपलं ढ आहे असं समजून चालत होतो. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात आमचं नावच नव्हतं, ते आलं २०१६ च्या कायद्यात, तिथे एकवीस प्रकार झाले. तोवर माझी दहावी होऊन गेलेली. मी गणित-सायन्समध्ये कसंबसं काढलं, हिस्ट्रीत मात्र सगळं येत असून पेपर अर्धाच लिहून व्हायचा. बाहेर आल्यावर मित्रांना मीच उत्तरं सांगायचो आणि मार्क त्यांना जास्त.

मला सांगायचंय ते वेगळंच. तुम्ही सगळे शाळेला सांगायचं की नाही ह्यावर बोलताय, पण त्या मुलाला सांगितलंय का कोणी? तीन वेळा बसने कुठे नेलं, कोडी घातली, मोठी माणसं दरवाजा लावून बोलली, त्याने काहीतरी स्वतःचंच समजून घेतलं असणार. मी घेतलं होतं. मला वाटायचं माझ्या डोक्यात गाठ आहे आणि आईबाबा लपवतायत. खरंच. दीड वर्ष.

सत्तरीची_आई

वेर्णा दादा, तुमचं वाचलं आणि तशीच उठून त्याला विचारलं. रिपोर्टवरचं पहिलं अक्षर "डिस" त्याने ऐकलं होतं, तर म्हणतो, "आई, माका डिस्चार्ज केल्लो?" आजोबांना हॉस्पिटलातून डिस्चार्ज दिला होता तो शब्द त्याच्या डोक्यात. हसावं की रडावं कळेना. मग सांगितलं जमेल तसं, की तुझे कान आणि तोंड पटकन चालतात आणि अक्षरं ओळखायचा रस्ता जरा लांबचा आहे, आजारबिजार काही नाही, गोळ्या नाहीत. त्याने एकच विचारलं, मग मी चवथीला घुमट वाजवू ना.

मास्तर, ४२ चं वाचून मी त्याची वही काढली. अगदी तेच!! दोन वर्षांच्या वह्या आहेत, बाकीच्या मी रद्दीत दिल्या, आता वाईट वाटतंय.

टीचर, ते एक पान लिहिते मी. पण सर्टिफिकेटचं कोणीतरी सांगा ना, आणि शाळा नाहीच म्हणाली तर काय करायचं?

रिसोर्स_टीचर_उत्तर_गोवा

मी स्पेशल एज्युकेटर आहे, एका शाळेत नाही, वाटून दिलेल्या शाळांत फिरते, त्यामुळे म्हणाल तेव्हा भेटत नाही ही माझ्याबद्दलची तक्रार आधीच मान्य. सुप्रीम कोर्टाने २०२१ ला सांगितलंय की प्रायमरीला अशा दहा मुलांमागे एक स्पेशल टीचर आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक असावा. गणित तुम्हीच करा.

सर्टिफिकेट. लर्निंग डिसॅबिलिटीचा दाखला आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच देतात, तुमचा मुलगा साडेनऊचा म्हणजे आत्ता काढता येईल. केंद्राच्या नियमाप्रमाणे तो चौदाव्या वर्षी परत तपासायचा आणि अठराव्या वर्षी परत, अठराव्या वर्षीचा मग कायमचा. हे लोकांना माहीत नसतं, पाचवीला काढून कपाटात ठेवतात आणि दहावीच्या फॉर्मच्या वेळी बाहेर काढतात, तेव्हा कळतं की चौदाव्या वर्षीची तपासणी राहिली. आणि खाजगीत केलेला रिपोर्ट म्हणजे दाखला नव्हे. दाखला सरकारी मेडिकल बोर्डाचा. तुमचा रिपोर्ट सोबत न्या, उपयोग होतो, पण तपासणी ते त्यांची करतील. नंबर लागायला वेळ जातो म्हणून आत्ताच अर्ज करा. स्वावलंबन पोर्टलवरून यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज पण होतो.

जायच्या आधी डोळे आणि कान तपासून त्याचे कागद बरोबर ठेवा, नाहीतर तिथून परत पाठवतात आणि तुमच्या दोन बस फुकट. आणि तपासणी करणाऱ्यांना पहिल्या मिनिटाला सांगा की घरी कोंकणी, शाळेत मराठी. इंग्लिश कळत नाही म्हणून कमी पडलेले मार्क आणि डिस्लेक्सियामुळे कमी पडलेले मार्क ह्यांची सरमिसळ गोव्यात फार सहज होते. दोन्ही बाजूंनी होते बरं, मी अशी मुलं पण बघितलीत ज्यांना काहीही नव्हतं, फक्त भाषा बदलली होती.

आता दाखल्यावरच्या ४० टक्के अपंगत्वाचं. काही सवलती आणि योजनांना ४० टक्के किंवा जास्त लागतात. पण कमी आले म्हणून सगळं संपलं असं समजू नका. २०२१ लाच सुप्रीम कोर्टात एका यूपीएससीच्या उमेदवाराची केस झाली, त्याला लिहिताना हात आखडायचा त्रास होता, ४० टक्क्यांत बसत नव्हता, तरी रायटर (त्याच्याऐवजी पेपर लिहिणारा) द्यायला हवा असं कोर्टाने सांगितलं. शाळेत कोणी टक्केवारी तोंडावर फेकली तर ही केस सांगा, काम होतं.

दहावीचं आत्ता डोक्यात नको पण माहिती असू दे. केंद्राच्या सूचनेत तासाला किमान वीस मिनिटं जादा असं आहे. गोवा बोर्डात जादा वेळ, रायटर वगैरे सोयी आहेत आणि नववीला एखाद्या अवघड विषयाऐवजी प्री-व्होकेशनल (कामधंद्याचा) विषय घ्यायची वाट पण आहे. ही वाट घाईने धरू नका हं. शाळेला सोपं पडतं म्हणून सुचवतात कधीकधी, मुलाला गणित जमत असेल तर गणित सोडून पुढे सायन्स-डिप्लोमाचं दार बंद करून घेण्यात अर्थ नाही. तुमचा मुलगा तोंडी प्रश्नांत सरासरीच्या वर आहे, तर अजिबात नको.

शाळा नाही म्हणाली तर. २०१६ च्या कायद्याचं सोळावं कलम, सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, आणि गंमत म्हणजे त्याच कलमात असंही आहे की मुलांमधली लर्निंग डिसॅबिलिटी लवकरात लवकर ओळखणं हे शाळेचंच काम. म्हणजे तुम्ही त्यांचं काम करून दिलंत! पण पहिल्याच भेटीत कलम काढू नका, हेडमास्तर कायदा ऐकला की ताठ होतात. "नाही" म्हणाले तर शांतपणे म्हणा, हेच लेखी द्या. लेखी कोणी देत नाही. त्याच्याही पुढे गेलं तर पणजीला दिव्यांगजनांचं राज्य आयोगाचं ऑफिस आहे, तिथे साध्या कागदावर तक्रार चालते. बहुतेक तिथपर्यंत जावं लागत नाही.

हायस्कूलात काउन्सेलर येतो का ते विचारा, बऱ्याच हायस्कूलांत जीईडीसीतर्फे (गोवा शिक्षण विकास महामंडळ) येतात. तो तुमचा आतला माणूस. विषय शिकवणारे सात-आठ जण वेगवेगळे असतात हायस्कूलात, प्रायमरीसारख्या एक टीचर नव्हेत, प्रत्येकाला जाऊन सांगणं तुम्हाला जमणार नाही, त्याला जमतं.

म्हापशेकर_बाबा

मॅडम, लेखी द्या हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर.

ताई, माझं मागचं उत्तर रागात होतं, पण पावतीचं मी मागे घेत नाही. पावती घ्या आणि त्याच दिवशी दुपारी जाऊन सांगा, एवढा बदल करतो. आणि नवऱ्याला बरोबर न्या. एकटी आई गेली की "मॅडम तुम्ही जास्त टेन्शन घेता" म्हणतात, बाप शेजारी नुसता गप्प बसला तरी चहा येतो. चुकीचं आहे, पण आहे.

मडगावकर_६२

मास्तरांचं वाचलं. माझा धाकटा भाऊ पाचवीत शाळा सोडून गॅरेजला लागला होता. घड्याळ, रेडिओ काहीही खोलून परत जोडायचा. जाऊ दे.

वेर्णा_आयटीआय

काका 🙏

सत्तरीची_आई

पान लिहिलंय, बघा जरा, चुका सांगा. नवऱ्याने वाचलं, काही बोलला नाही, पण अ‍ॅडमिशनच्या दिवशी सेकंड शिफ्ट घेतो म्हणाला, म्हणजे येतोय. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

"माननीय क्लास टीचर, माझा मुलगा आपल्या वर्गात येत आहे. त्याला डिस्लेक्सिया आहे, रिपोर्टची प्रत ऑफिसात दिली आहे. तो वाचताना अडखळतो, घ-ध, भ-म ह्यात चुकतो, रफार उलटा लिहितो, आणि फळ्यावरून उतरवायला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. ऐकलेलं मात्र त्याच्या लक्षात राहतं, तोंडी विचारल्यास उत्तर देतो. आदल्या दिवशी परिच्छेद सांगितल्यास तो तयारी करून वर्गात वाचेल, अचानक वाचायला सांगू नये ही विनंती. पुढच्या बाकावर बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी, तीन एकदम दिल्यास तिसरी विसरतो. फळ्यावरचे राहिल्यास मला फोटो मिळावा, मी घरी लिहून घेईन. भाषा सोडून इतर विषयांत शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. पीटी, म्युझिक आणि मधली सुट्टी त्याला पूर्ण मिळावी. त्याला स्वतःला हे सर्व माहीत आहे, त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे, फक्त वर्गासमोर नको. तो घुमट वाजवतो. महिन्यातून एकदा दहा मिनिटे मी येऊन भेटेन, वार आपण सांगावा. माझ्या मुलामुळे आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल क्षमस्व."

फोंड्याची_टीचर

शेवटची ओळ काढा.

बाकी माझ्या हातात आलं असतं तर मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं असतं. "तीन एकदम दिल्यास तिसरी विसरतो" ह्यासारखी वाक्यं आम्हाला हवी असतात. वर तारीख घाला, दोन प्रती काढा, एक ऑफिसात देऊन दुसरीवर शिक्का घ्या. आणि ऑक्टोबरमध्ये परत एक नवीन पान लिहा, कारण तोवर ह्यातलं निम्मं बदललेलं असेल.